चौथा रकाना

दरवर्षी शाळा उघडून आठेक दिवस झाले की मला एक फोन येतो. पलीकडचा माणूस नाव सांगत नाही, कशी आहेस विचारत नाही.

"पाह्यले?"

"पाहिले, सर."

"किती?"

"चार."

"बरं." की फोन बंद.

मी आदिलाबादला एका इंजिनिअरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे काढते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बरीच वर्षं वाटत होतं की हा कुणी सिमेंटवाला आहे आणि मी त्याला चार पोती सांगते. एकदा त्यांनी विचारलंच. मी म्हटलं, माझे शाळेतले सर आहेत, एका बाईच्या हातावरचे भाजल्याचे डाग किती ते विचारतात. त्यानंतर त्यांनी मला सरांबद्दल काही विचारलं नाही, आणि मीही सांगत बसले नाही. आज सांगते.

आमची शाळा तलमडुगुकडची, मराठी माध्यमाची. समोर कापूस, बाजूला ज्वारी आणि मागच्या कुंपणाला लागून आमची वांगी. सर तिथं चित्रकलेचे मास्तर होते. होते म्हणजे पगार त्या नावानं मिळत होता. तसे ते मूळचे बेज्जूरकडचे, आणि मास्तर होण्याआधी कुठल्याशा धरणाच्या कामावर नकाशे काढायला होते म्हणे. उंच, वाळके, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. खिशात पेनाच्या जागी तीन पेन्सिली आणि एक स्टीलची पट्टी. पँटच्या उजव्या खिशात लोखंडी टेप, त्यामुळे पँट कायम उजवीकडे ओघळलेली. बाजारातले तेलुगू दुकानदार त्यांना आदरानं पंतुलु, म्हणजे गुरुजी, म्हणत आणि त्यांना माल द्यायची वेळ आली की हळूच आत निघून जात, कारण सर कापडसुद्धा घरून आणलेल्या टेपनं मोजून घेत.

पहिल्याच तासाला मी वहीत नेहमीचं चित्र काढलं होतं. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी, नदी. सरांनी वही उचलली आणि बराच वेळ पाहिली. मला वाटलं, शाबासकी येणार.

"हा डोंगर कोणता?"

"डोंगर, सर."

"कोणत्या गावचा? तू पाह्यला का?"

"नाही, सर."

"मग न पाह्यलेला डोंगर काऊन काढून राह्यली पोरी? ते डेस्क हाय ना तुह्यासमोर, ते काढ. मोजून काढ."

ते डेस्क काढायला मला तीन आठवडे लागले. समोरून, वरून आणि बाजूनं अशी तीन चित्रं, तिन्ही एकमेकांशी जुळणारी. समोरून जो खिळा दिसतो तो वरून नेमका कुठं यायला हवा, याचा विचार मी त्याआधी आयुष्यात केला नव्हता. डेस्कच्या आतली, बाहेरून न दिसणारी फळी तुटक रेघेनं दाखवायची. मापाची रेघ वस्तूच्या रेघेला चिकटू द्यायची नाही. तिच्या दोन्ही टोकांचे बाण पेन्सिलीच्या टोकाइतके बारीक काढायचे. माझ्या बाणांना ते भाले म्हणायचे आणि खोडायला लावायचे.

त्यांच्या वर्गात शिवीगाळ चालली असती एक वेळ, पण 'अंदाजे' हा शब्द चालत नव्हता. 'साधारण', 'जवळपास', 'असेल' हेही त्याचेच भाऊबंद. ज्याच्या तोंडून निघाला त्यानं उठायचं आणि शाळेचा व्हरांडा मोजून यायचं. आमच्या व्हरांड्याची लांबी मला अजून पाठ आहे. अठ्ठेचाळीस फूट तीन इंच सहा सूत. सूत म्हणजे सुताराच्या मापात इंचाचा आठवा भाग. वर्गात मिलिमीटर शिकवत, पण बोलता बोलता सर सुतावर येत. म्हणून त्यांचं आमच्यातलं नाव सूतसर. एकदा हेडसर वर्गात आले आणि म्हणाले, अंदाजे किती पोरं आहेत आज? सगळा वर्ग सरांकडे पाहू लागला. सरांनी खिशातला टेप काढून टेबलावर ठेवला, तो हेडसर जाईपर्यंत उचलला नाही.

आमच्या घरी ते एकदा जेवायला आले होते. दारातून आत येताना चौकट कपाळाला लागली. दुसरा कोणी असता तर कपाळ चोळलं असतं. सरांनी टेप काढला, चौकट मोजली आणि पेन्सिलीनं आतल्या बाजूला लिहिलं, पाच फूट सात इंच तीन सूत. मग वडलांना म्हणाले, "मी पाच फूट आठ हाय. चूक माही नाई." वडील तोवर ताटावर बसले होते. भाजीवाल्याच्या घरी कोणी दाराची चूक काढायला येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. सर गेल्यावर ते बरेच भुणभुणले. आईनं मात्र तो आकडा आजतागायत पुसला नाही. पाहुणा उंच असला की ती दारातच सांगते, वाका जरा, सरांनी लिहून ठेवलंय.

स्वतःलाही ते सोडत नसत. दर दिवाळीत अभ्यंगस्नान झालं की स्वतःची उंची, वीत, कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचा हात असं सगळं मोजून एका वहीत लिहायचे. टेप जवळ नसला तर हातानं मोजावं लागतं, मग हात किती आहे हे नक्की माहीत नको का? आम्ही हसायचो. "हसून राह्यले," ते म्हणायचे, "माणूस आटते बरं. मागच्या सालचा हात या साली वापरता येत नाई."

पण त्यांची खरी तऱ्हा दिसायची ती ड्रॉइंग शीटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात. तिथं चौकट आखून सगळेच नावनिशी लिहितात. सरांच्या चौकटीत चार रकाने असत. मोजणारा. काढणारा. तपासणारा. आणि चौथा, न मोजलेलं. जे मोजायला जमलं नाही किंवा राहिलं, ते या चौथ्या रकान्यात कबूल करायचं. 'मागची भिंत, कारण कुलूप होतं.' 'विहिरीची खोली, कारण दोरी पुरली नाही.' एकदा एका मुलानं 'कुत्रा होता' एवढंच लिहिलं होतं आणि सरांनी त्याला पूर्ण मार्क दिले. चौथा रकाना कोरा ठेवलेला चालत नसे. 'काही नाही' असं लिहिलेलं तर त्यांना कोऱ्यापेक्षा वाईट वाटायचं. "ज्यानं खरंच मोजलं," ते म्हणायचे, "त्याले राह्यलेलं दिसते."

आणि चित्र पुरं झालं की परीक्षा वर्गात होत नसे. ती होत असे बसस्टँडजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात. चित्र घेऊन जायचं, वेल्डर भाईंच्या हातात द्यायचं आणि तोंडात पाण्याचा घोट धरून बाकावर बसायचं. भाईंनी फक्त कागद वाचून वस्तू कशी करायची ते सांगायचं. ते मध्येच काही विचारणार, आपण बोलायचं नाही. बोलायला गेलो की पाणी गिळावं लागणार, आणि पाणी गिळलं की चित्र नापास. सर दुकानाच्या दाराशी उभे राहून गळ्याकडे बघत असत. "कागदानं बोललं पाह्यजे," ते म्हणायचे, "तू नाई."

मी नववीत असताना जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्र आलं. शाळेतलीच एखादी अडचण घ्यायची, त्यावर उपाय शोधायचा, चित्र आणि वस्तू दोन्ही न्यायची. सरांनी वर्गात विचारलं आणि मी हात वर केला. अडचण मला रोज कुंपणाच्या फटीतून दिसत होती.

शाळेत दुपारचं जेवण करायला एक बाई होत्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. मोठ्या पातेल्यात, मावशींच्या भाषेत गंजात, भात शिजला की त्यातली पेज त्या ओतून काढायच्या. डाव्या हातानं फडक्यात पातेल्याचा कान धरायचा, उजव्या हातानं झाकण दाबायचं आणि ते सगळं धूड चुलीवरच तिरपं करायचं. वाफ तोंडावर, पेज पायाशी. मी ठरवलं, लोखंडाची एक घोडी करायची. तिच्यात गोल कडी, कडीत पातेलं बसवायचं, बाजूला लांब दांडा. दांडा दाबला की पातेलं पलीकडे कलेल आणि पेज बादलीत पडेल. बाईंचा हात लांब राहील.

मी आदल्या दिवशी मावशींना सांगून ठेवलं, उद्या पातेलं मोजायला येते, चित्र जिल्ह्याला जाणार आहे. दुसऱ्या दिवशी गेले तर पातेलं पुसून ओट्यावर पालथं घातलेलं. लखलखत होतं. मी टेपनं तोंड मोजलं, पोट मोजलं, कान मोजले, काठ किती जाड ते मोजलं. शीट अशी उतरली की मला रात्री झोपेतसुद्धा ती दिसत होती. शनिवारी सर स्वतः येऊन माझी मापं ताडून गेले. मावशींनी पुन्हा तेच पातेलं पुढं ठेवलं. एका सुताचाही फरक निघाला नाही. सरांनी 'तपासणारा'च्या रकान्यात सही केली.

चौथ्या रकान्यात मी 'काही नाही' असं लिहिलं होतं. सरांनी ते वाचलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा शीटकडे पाहिलं. आणि शीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

वेल्डर भाईंकडे मी तोंडात पाणी धरून बसले. त्यांनी शीट उलटीसुलटी केली, दोनदा विचारलं, "ये कड़ी अंदर से नापे या बाहर से, बेटा?" मी नुसती बघत राहिले. मग त्यांना ती मापाची रेघ दिसली आणि ते स्वतःशीच म्हणाले, "अच्छा, अंदर से." मी बाहेर जाऊन पाणी थुंकले तेव्हा सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो एकदाच. वडलांनी तोवर अख्ख्या भाजीबाजारात सांगून टाकलं होतं की पोरगी जिल्ह्याला जाते. आमच्या घरातून जिल्ह्याला आजवर फक्त वांगी गेली होती.

प्रदर्शनाला चार दिवस राहिले असताना घोडी शाळेत आली. स्वयंपाकघरात मांडली. हेडसर आले, खिडक्यांना पोरं लटकली. मावशी आणि मदतीला आलेल्या एक बाई चुलीवरचं, भातानं भरलेलं पातेलं उचलून आणू लागल्या. ते काळं होतं. तळापासून काठापर्यंत वर्षानुवर्षांची काजळी, एका बाजूला पोचा. त्यांनी ते कडीवर ठेवलं आणि ते कडीत गेलंच नाही. वरच बसून राहिलं, पाटावर बसवल्यासारखं. दांड्याला हात लावायची सोय नव्हती. लावला असता तर सगळा भात पायावर आला असता.

सरांनी टेप काढला. पातेलं मोजलं, कडी मोजली. "एक इंच सहा सूत," ते म्हणाले.

मावशी घाबरल्या. "अवं माय, तुमी याले थोडंच मोजलं? तुमी तं मुआयन्याचं मोजलं!"

तपासणीला आमच्याकडे अजून मुआयना म्हणतात. वरचे साहेब यायचे असले की भांडारातून एक नवं पातेलं निघायचं. ते दिसायला तसंच, पण थोडं लहान. साहेब जेवून गेले की घासूनपुसून परत कुलपात.

"पण मावशी, तुम्ही रोजचं का नाही दाखवलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"काऊन दाखवू?" त्या म्हणाल्या. "कागदावर जाते म्हणली तू. जिल्ह्याले जाते म्हणली. माहा काया गंज साऱ्या लोकाईनं पाह्यला असता नं. म्हणले असते, शाळेची बाई भांडं घासत नाई."

पोरं खिडकीतून उतरून गेली. हेडसर मात्र हुशार. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? लहान पातेलं सोबत न्या. जिल्ह्याला कोण भात शिजवून पाहणार आहे? पाणी भरून दाखवा. चित्र तर उत्तम आहे."

सर माझ्याकडे वळले. "शीट तुही हाय. तू सांग."

मला जायचं होतं. नवे पैंजण घेतले होते, वडलांनी बाजारभर सांगून ठेवलं होतं. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "लहान पातेलं नेऊ, सर."

ही गोष्ट मी अजूनपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते "उद्या साडेअकराला इथं ये" म्हणाले आणि पँट सावरत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भात शिजायच्या वेळी आम्ही दोघं चुलीजवळ उभे होतो. मावशींनी फडकं घेतलं, झाकण दाबलं, पातेलं कललं. वाफेचा लोट आला आणि त्यांनी 'स्स' केलं. इतक्या हळू, की ते त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नसावं. पेज ओतून झाल्यावर सर म्हणाले, "बाई, उजवा हात दाखवा जरा."

मावशी लाजल्या. मग त्यांनी पदराखालून हात काढला. आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, चार आडवे डाग होते. तीन जुने, काळपट. चौथा ताजा, लाल. बोटभर लांब, आणि चारही जवळजवळ एकाच रेषेत.

"मोज," सर म्हणाले.

"काय, सर?"

"डाग. मनगटापासून त्याईची उंची घे."

मी टेप मावशींच्या हाताला लावला तेव्हा त्या म्हणाल्या, "ब्लाउजवाल्यानंतर मले कोणी पह्यल्यांदा मोजून राह्यलं." आणि हसल्या. मी आकडे लिहिले. चार इंच दोन सूत. चार इंच पाच सूत. चार इंच तीन सूत. चार इंच चार सूत. दोनेक वर्षांत चार वेळा भाजलं होतं आणि चारही वेळा तीन सुतांच्या आत. पातेल्याचा काठ आणि बाईंची उंची यांनीच ती जागा नेमून दिली होती. तिथं उभं राहून रोज भात करायचा म्हणजे रोज त्या काठाला हात देणं आलं. डेस्कवर बसून मी कितीही सुंदर बाण काढले असते तरी हे मला दिसलं नसतं.

मला रडू आलं. मी म्हणाले, "सर, मला मोजतानाच दिसलं होतं. त्या पातेल्याला काजळी नव्हती. मी विचारलं नाही."

सर चुलीकडे पाहत होते. "मलेही दिसलं होतं," ते म्हणाले. "मीही नाई इचारलं. चित्र लय चांगलं उतरलं होतं नं."

मग त्यांनी पिशवीतून माझी शीट काढली, ओट्यावर पसरली आणि 'तपासणारा'मधली स्वतःची सही खोडली. रबरानं नव्हे, पेनानं, दिसेल अशी आडवी रेघ मारून. सरांना चुकताना मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं आणि चूक इतकी सरळ मान्य करतानाही कुणाला पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मला ते फार आवडू लागले. त्याआधी नुसता धाक होता.

पुढचे दोन दिवस मी वर्गात बसले नाही. काळं पातेलं मोजलं, त्याचा पोचा धरून मोजलं. मावशींचं मनगट जमिनीपासून किती, कोपर किती, सगळं घेतलं. कडीचा बिजागर खाली आणला, दांडा डागांच्या मापानं लांब केला, म्हणजे काठ त्या चार इंचांच्या जागेपर्यंत पोचूच नये. दांडा उजव्या बाजूला. भाईंनी कडी कापून वाढवली, मी पुन्हा तोंडात पाणी धरून बसले. शीटवर पातेल्याच्या बाजूला एक हातही काढला, समोरून आणि बाजूनं, त्यावर चार आडव्या रेघा, मापांसकट.

'तपासणारा'चा रकाना आला तेव्हा मी शीट सरांपुढं केली. ते म्हणाले, "माह्याकडं काऊन देतं? मी का भात करतो? जिचा हात तिची सही." मावशींना सही येत होती, पण सवय नव्हती. पेन्सिल घट्ट धरून त्यांनी पाच मिनिटं लावून नाव लिहिलं. शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलं, ते सरांनी चालवून घेतलं.

चौथा रकाना राहिला. मी बराच विचार केला. "सगळं मोजलं, सर, आता खरंच."

"नवे डाग?" सरांनी विचारलं.

"ते अजून पडले कुठं आहेत?"

"म्हणूनच. पडतात का नाई, ते कुठं मोजलं? लिव्ह."

मी लिहिलं, 'नवे डाग.'

प्रदर्शनात आम्ही काळंच पातेलं नेलं. बसच्या टपावर ते बांधताना कंडक्टरनं आमच्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. परीक्षकांनी तेलुगूत विचारलं, हे 'तपासणारा'मध्ये नाव कुणाचं आहे, इंजिनिअर आहेत का? सरांनी सांगितलं, नाही, भात करतात. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. बक्षीस पाण्यावर चालणाऱ्या रॉकेटला मिळालं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? परतताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसले. सरांनी टेप काढून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर मोजलं आणि म्हणाले, "पाय ठेवाले एक फूट. सरकारलेही मोजता येत नाई." ती त्यांची समजूत काढायची रीत.

घोडी स्वयंपाकघरात राहिली. शीट मावशींनी भिंतीवर लावली, देवाच्या कॅलेंडरशेजारी. मी शाळा सोडली, सर निवृत्त होऊन बेज्जूरकडे गावी गेले, आणि त्याच वर्षी पहिला फोन आला. "पाह्यले? किती?" दरवर्षी मी माहेरी जाते, वांग्यांच्या वाफ्यातून कुंपण ओलांडते, मावशींचा उजवा हात पाहते. चारच. कधी सर आणखी एखादं वाक्य बोलतात. "मागच्या दिवाळीले दोन सूत कमी झालो." मोतीबिंदूमुळे त्यांना टेपवरचे आकडे नीट दिसत नाहीत. नात वाचून दाखवते आणि ते तिला पुन्हा वाचायला लावतात.

यंदा मावशींनी काम सोडलं. गुडघे गेले. त्यांच्या जागी दोन वर्षं मदतीला असलेली एक तरुण बाई आली आहे. मी गेले तेव्हा ती घोडीजवळच उभी होती. मी म्हटलं, हात पाहू? तिला हे प्रकरण माहीत होतं, तिनं हसून उजवा हात पुढं केला. स्वच्छ. एकही डाग नाही. मला इतका आनंद झाला की फोनची वाटही पाहिली नाही, अंगणात येऊन मीच लावला.

"सर, नवी बाई आहे. एकही नाही. शून्य."

मला वाटलं, आता 'बरं' म्हणतील.

"दोन्ही हात पाह्यले?"

"उजवा पाहिला, सर. दांडा उजव्याच बाजूला आहे."

"डावा?"

मी फोन हातात धरूनच आत गेले. ती बाई कांदा चिरत होती. विळी पायाखाली, आणि कांदा डाव्या हातानं पात्यावर रेटत होती. मी तिथंच थांबले. ती डावखुरी होती. दांडा तिला आडवा येत होता, म्हणून ती पलीकडच्या बाजूला उभी राहत होती, जिथं काठ येतो तिथं.

"बाई, तुमचा डावा हात दाखवता का?"

तिनं चटकन पदर ओढला. मग माझ्याकडे पाहून हळूच बाजूला केला. हिरव्या बांगड्यांच्या वर, आतल्या बाजूला. आडवा. लाल.

"काही नाई हो ताई," ती म्हणाली. "माहीच उलटी सवय. घोडी चांगली हाय."

फोनमध्ये सरांचा श्वास ऐकू येत होता. खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. त्यांना इथं येऊन पाहता येणार नव्हतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक, सर."

"बरं," ते म्हणाले, पण या वेळी फोन बंद झाला नाही. "टेप हाय का तुह्याजवळ?"

माझ्या पर्समध्ये टेप कायम असतो. मी फोन ओट्यावर ठेवला, टेप काढला आणि त्या बाईसमोर बसले. तिला विचारलं, "सही करता येते ना तुम्हाला?"